दिवे हवेत, पण शेवंतीच्या अंगावर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर आमच्या भागातल्या रस्त्याचा रात्रीचा फोटो छापून आला होता. पांढऱ्या एलईडी दिव्यांची रांग, खाली नवं डांबर आणि वर मथळा, 'रस्ता उजळला'. बातमीत खोटं काही नाही. त्या वळणावर गाड्या घसरायच्या, आता घसरत नाहीत. माझी सून कामावरून रात्री स्कूटीवर येते, तिला या दिव्यांचा मोठा आधार आहे. तेव्हा दिवे काढा असं मी म्हणणार नाही. पण त्या फोटोत उजव्या हाताला, तारेच्या कुंपणाआड जो हिरवा पट्टा दिसतो, ते आमचं शेत आहे, आणि त्या पट्ट्याला यंदा दसऱ्याला फूल नव्हतं. म्हणून हे पत्र.

आम्ही पुरंदर तालुक्यात शेवंती करतो. सासऱ्यांच्या वेळी मोकळ्या रानात झिप्री ही शेवंतीची जुनी जात असायची. आता दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये स्प्रे शेवंती, म्हणजे एका दांड्यावर अनेक फुलं येणारी, आहे आणि बाहेर अर्धा एकर सुट्ट्या फुलांची. या पिकाला पाणी, खत, औषध सगळं लागतं, पण ते फुलतं रात्रीच्या हिशेबावर. रात्र पुरेशी लांब झाली असं तिला वाटेपर्यंत शेवंती नुसता पाला वाढवते. पुण्याकडे 21 जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरातला लहानात लहान दिवस अकरा तासांचा. त्यात सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाशही ती धरते. ऑगस्टमध्ये दिवस आखडू लागला की ती कळी धरायला लागते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान पिवळं-पांढरं होतं.

गणपती तोवर थांबत नाहीत. यंदा चतुर्थी 27 ऑगस्टला आली, गौरी 31 तारखेला. पुढच्या वर्षी, म्हणजे 2026 साली, अधिक ज्येष्ठ असल्याने गणपती थेट 14 सप्टेंबरला बसतील. सण चंद्राच्या पंचांगाने पुढेमागे होतात, शेवंती सूर्याचं पंचांग सोडत नाही, आणि दोघांची गाठ घालून द्यायची ती आम्ही. त्यासाठी पॉलिहाऊसमध्ये तारांवरून काळं कापड ओढतो. आमची जात काळोख सुरू केल्यापासून साधारण आठ आठवड्यांत फुलते. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात कापड सुरू. संध्याकाळी सहाला ओढायचं, सकाळी सातला काढायचं, असे सलग तेरा तास. कळीला रंग दिसेपर्यंत रोज. पावसात, घरात पाहुणे असताना, आषाढीच्या दिवशीसुद्धा. एखादी रात्र चुकली तर झाड सांभाळून घेतं. लागोपाठ चुकल्या तर कळी धरता धरता अडते, वेडीवाकडी होते, आणि तो दांडा आडत्या बाजूला काढतो. कापड पुरेसं आहे का हे ओळखायची फूलवाल्यांची एक जुनी खूण आहे: आत उभं राहून वर्तमानपत्र वाचता येता कामा नये.

नवख्यांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण माझं नुकसान तिच्यातूनच झालं. जुलैत सहा वाजता काळं कापड ओढलं की आत उकाडा कोंडतो. आणि रात्र गरम गेली की शेवंती काळोख मिळूनही फुलायला उशीर करते. म्हणून बाहेर पूर्ण अंधार पडला की नऊच्या सुमारास आम्ही बाजूचं कापड वर गुंडाळतो, वारा आत खेळू देतो, आणि पहाटे उजाडायच्या आधी पुन्हा खाली सोडतो. बाहेर काळोखच असल्याने उघड्या बाजूने काही बिघडत नाही. थोरले दीर पहाटे उठून ते काम करतात. भाऊजींना गजर लागत नाही.

यंदा जुलैच्या मध्याला खांब उभे राहिले आणि दिवे लागले. आमच्या कुंपणाला लागून एक खांब, दुसरा पॉलिहाऊसच्या कोपऱ्यापासून थोडा पुढे. बाजूचं कापड वर केलं की थेट उजेड आत. खाली सोडून ठेवलं तर उकाडा. दोन्ही करून पाहिलं. रस्त्याकडच्या वाफ्यांना गौरी येऊन गेल्या तरी रंग नव्हता, आणि आतल्या बाजूच्या, उकाड्यात राहिलेल्या वाफ्यांचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचेपर्यंत विसर्जनं होऊन गेलेली. गणपतीनंतर त्या फुलांना काय भाव असतो हे आपल्या बाजारभावाच्या रकान्यात रोज छापून येतंच.

बाहेरच्या अर्ध्या एकराची गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे कापड नाही, काही नाही. ऋतूप्रमाणे फुलायचं. दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, रस्त्यापासून लांबच्या सऱ्या फुलांनी भरलेल्या आणि खांबाजवळच्या सऱ्या गुडघ्याच्या वर वाढलेल्या, हिरव्यागार, कळीचं नाव नाही. पाणी तेच, ठिबक तेच, रोपं एकाच नर्सरीतली. भाचेजावयाने मोबाइलवर उजेड मोजला. त्या मोजमापाला मी फार मान देत नाही, पण खांबाखाली आकडा चाळीस लक्सच्या आसपास आला. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पाव लक्ससुद्धा जेमतेम पडतो. चंद्राच्या उजेडाने शेवंती फसत नाही. काळ्या कापडाखाली वीस लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असं प्रशिक्षणात शिकवतात. म्हणजे आमच्या त्या सऱ्यांना जुलैनंतर रात्रच झालेली नाही.

पलीकडच्या सोयाबीनमध्ये हे अगदी डोळ्यांना दिसत होतं. सप्टेंबरच्या शेवटी सगळं रान पिवळं पडून पानगळ झालेली, आणि प्रत्येक खांबाखाली एकेक हिरवा गोल. त्या गोलात शेंगा नाहीत. शेजारी आधी म्हणाले खत जास्त पडलं असेल. खत काय खांब बघून पडतं?

यात चमत्कार काही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलर्ड या दोघांनी 1920 साली हे छापून सांगितलं. उन्हाळ्यात फुलायचं नाव न घेणाऱ्या तंबाखूच्या कुंड्या ते दुपारनंतर अंधाऱ्या खोपीत ठेवायचे, आणि ती तंबाखू फुलली. सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी फुलायच्या वेळेला ते एकमेकांच्या जवळ येतं, हेही त्यांनीच पाहिलं. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं, की लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी रात्र मोडते आणि झाड फुलत नाही. त्यांनी त्यासाठी वापरलेलं झाड म्हणजे आपल्या पडीक रानातला शंकेश्वर, ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात. आणि काळोख पानांना कळतो, तिथून निरोप शेंड्याला जातो, हे रशियात चैलाख्यान यांनी ज्या झाडावर ओळखलं ती तर शेवंतीच होती. बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा आहे. रस्त्याचा आराखडा करणाऱ्यांपैकी निदान एकाने तरी तो वाचलेला असणार.

नणंदेचा मुलगा कॅनडात ऑंटारिओ प्रांतात असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. तिथे 2018 पासून प्रौढ माणसाला गांजा बाळगता येतो आणि ऑंटारिओत घरटी चार झाडं लावायचीही मुभा आहे. गांजाचं झाडही शेवंतीच्याच स्वभावाचं, रात्र लांबल्याशिवाय फुलत नाही. तिथे जूनचा दिवस पंधरा तासांच्याही वर जातो, त्यामुळे उघड्यावरचं झाड ऑगस्टात फुलायला लागतं आणि तयार होईपर्यंत ऑक्टोबरची थंडी आणि बुरशी येऊन गाठते. म्हणून याचा शेजारी जूनच्या शेवटापासून रोज संध्याकाळी आपल्या झाडांवर काळी ताडपत्री टाकतो, सकाळी काढतो, आणि थंडीच्या आधी मोकळा होतो. आमचंच तंत्र. रस्त्याचा दिवा त्याच्याही परसात यायचा. त्याने अर्ज केला, माणूस शिडी घेऊन आला आणि दिव्याच्या मागच्या बाजूला पत्रा लावून गेला. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने गांजाची लागवड गुन्हा आहे, आणि तो असू द्या, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तिकडे हौसेच्या चार झाडांसाठी पत्रा मिळतो आणि इकडे अर्धा एकर पोटापाण्याच्या पिकासाठी मिळत नाही, हे मला समजावून सांगणारा अजून भेटायचा आहे.

मी अर्ज केला आहे. तलाठी भाऊसाहेब येऊन पाहून गेले, सज्जन माणूस. म्हणाले, ताई, पंचनाम्यात अतिवृष्टी लिहिता येईल, गारपीट लिहिता येईल, उजेड कुठे लिहू? रस्त्याच्या कार्यालयात सांगण्यात आलं की शेतकरी स्वतःच शेतात बल्ब लावतात, मग आमच्या दिव्याचं काय एवढं? खरं आहे, आम्ही लावतो. हिवाळ्यात लावलेली शेवंती वीतभर उंचीवरच फुलून बसू नये म्हणून पहिले काही आठवडे रात्री दहा ते दोन दिवे लावतो. लांबून बघणाऱ्याला लग्नाचा मांडव वाटतो. जपानमध्ये आत्सुमी नावाच्या भागात तर हे कित्येक दशकं चालू आहे आणि लोक रात्री ते दिवे बघायला जातात. पण तो दिवा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हे शेतकरी ठरवतो. पाटाचं पाणी मी घेते म्हणून कुणी रात्री माझ्या रानात पाट फोडावा असं होत नाही.

तिथल्याच एका साहेबांनी दोन उपाय सुचवले. मन लावून सुचवले, म्हणून त्यांचं उत्तर इथेच देते. एक, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे बसवू. त्याने आमचं काम होत नाही. शेवंतीची रात्र मोडायला तांबडा उजेड सगळ्यात प्रभावी असतो, म्हणूनच तर आता शेतासाठी लाल एलईडी विकायला आले आहेत. पिवळसर दिव्यात तांबडा भाग पांढऱ्यापेक्षा जास्त. कीटकांसाठी, ताऱ्यांसाठी पिवळा दिवा बरा असेल, शेवंतीसाठी नाही. दोन, रात्री अकरा ते चार दिवे बंद ठेवू. तिला लांबच लांब सलग काळोख लागतो, पाच तासांनी काय होणार? शिवाय सुनेच्या स्कूटीचं काय, ते वेगळंच.

उपाय एकच आणि तो स्वस्त आहे. शेताकडच्या बाजूला दिव्याला झाकण बसवा आणि दिव्याचं तोंड खाली, रस्त्यावर करा. डांबरावर उजेड तेवढाच पडेल, कदाचित जास्तच. हे महाराष्ट्रात झालेलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. गावं काही अंधारात गेली नाहीत. दक्षिण कोरियात तर नको तिथे पडणाऱ्या उजेडाविरुद्ध 2013 पासून कायदाच लागू आहे. मी कायदा मागत नाही. नवा रस्ता जिथे बागायती रानातून जातो तिथे निविदेत झाकणाची एक ओळ घाला, आणि पंचनाम्याच्या कागदावर उजेडासाठी एक रकाना करा, म्हणजे भाऊसाहेबांना विचारात पडायला नको.

पुढच्या वर्षी गणपती 14 सप्टेंबरला. आमचं कापड 20 जुलैच्या आसपास सुरू होईल, आणि बाहेरच्या रानाला ऑगस्टपासून अंधार हवा. आमच्या शेताच्या बाजूला दोन खांब आहेत, शेजाऱ्यांच्या सोयाबीनला चार. सहा झाकणं. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, एका दिवसाचं काम आहे. शिडी आमच्याकडे आहे, लागली तर देऊ.

आपली,
एक शेवंती उत्पादक
ता. पुरंदर, जि. पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये, कारण तलाठी भाऊसाहेबांची बदली व्हावी अशी माझी इच्छा नाही.)