‘माना’ गेमवाल्यांचा नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुरवणीत मुलांच्या काल्पनिक जगांवर लेख आला, वाचला, बरा होता, पण ‘माना’, म्हणजे जादूची शक्ती, हा शब्द गेमवाल्यांनी काढला असं जे ठोकून दिलंय ते चुकीचं आहे म्हणून हे लिहितोय. आमचा नातू मोबाईलवर तेच खेळत बसतो, खाली कोपऱ्यात निळी पट्टी, मंत्र मारला की ती घटते, गप्प उभं राहिलं की हळूहळू भरते. जेवायला हाक मारली, काय करालास रे अजून, तर म्हणे आजोबा थांबा की, माना संपलाय.

मूळ शब्द पॅसिफिक बेटांवरचा. कॉड्रिंग्टन नावाच्या मिशनऱ्याने १८९१ च्या पुस्तकात लिहिलंय, तिकडे कुणाला विचित्र आकाराचा दगड सापडला की तो झाडाच्या मुळाशी ठेवायचा, फळं भरघोस लागली तर दगडात माना आहे. आता आपल्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा दुसरं काय हो! फक्त हा साठा वापरून संपतो ही कल्पना नंतरची, १९६९ च्या एका अमेरिकन कथेत ती आली, पुढे गेममध्ये शिरली.

नातवाला मात्र मी आमच्या बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं उदाहरण दिलं, उन्हाळ्यात तळ दिसायला लागतो, पावसाळ्यात परत भरतं. त्याला लगेच पटलं. म्हणाला, मग आपल्या नळाला माना एक दिवसाआड का येतो?

दुरुस्ती छापावी ही विनंती.

एक आजोबा, वडगाव, बेळगाव