आधी विज्ञानाचे सर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकातल्या आमच्या गावच्या सातवीपर्यंतच्या सरकारी मराठी शाळेत स्मार्ट बोर्ड आला. धूळ बसू नये म्हणून हेडमास्तरांनी माझ्याकडून कापडी खोळ शिवून घेतली (मी शिवणकाम करते). खोळ इतकी छान बसलीय की निघतच नाही. जांबोटीकडचा पाऊस लागला की लाईट जाते, हे एक झालं. पण लाईट असली तरी बोर्ड लावून शिकवायला विज्ञानाचे सर कुठे आहेत?

अतिथी शिक्षक म्हणून एक सर आले होते. हाडाचे मास्तर. हळदीने पिवळी केलेली चिंधी चुन्याच्या निवळीत बुडवून लाल करून दाखवायचे, पुन्हा लिंबू पिळून पिवळी. पोरांनी घरोघरी चिंध्या रंगवल्या, माझ्या कातरणांचा फडशा पाडला! पण वर्षापुरत्या नेमणुकीवर, तुटपुंज्या मानधनावर तरुण माणूस किती थांबणार? दिवाळीनंतर त्यांना गोव्यात औषध कंपनीत नोकरी लागली. त्यांना दोष नाही. आता गणित-विज्ञान पी.टी.चे सर घेतात, म्हणजे गाईडमधली उत्तरं फळ्यावर उतरवतात.

सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, समाजविज्ञान आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवाच, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आम्हाला मात्र ‘पट कमी आहे’ एवढंच ऐकवलं जातं. सर नाहीत म्हणून पालक पोरं काढतात आणि पट आणखी घटतो, याचं काय?

राज्याचं शिक्षण धोरण ठरवण्यासाठी कर्नाटक सरकारने नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड माध्यमाची शिफारस आहे. चांगलंच आहे. मला घोर आहे तो पुढचा. शक्ती योजनेमुळे मुलगी बसने बेळगावच्या कॉलेजला फुकट जाईल, पण पीयुसीला (अकरावी-बारावीला) सायन्स इंग्रजीतून, आणि इथे पायाच कच्चा. मग गुपचूप आर्ट्स घेते.

मराठी फलकांसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. गणिताच्या शिक्षकासाठी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसवर कधी मोर्चा नेलाय? मराठीतून शिकवणारे कायम शिक्षक मिळेपर्यंत निदान अतिथी शिक्षकांची ऑर्डर शाळा उघडतानाच निघावी, आणि शेजारच्या दोन शाळांना वार ठरवून एक विज्ञान शिक्षक द्यावा.

एसडीएमसीच्या (शाळा विकास व व्यवस्थापन समितीच्या) पुढच्या मीटिंगला मी हा ठराव मांडणार आहे. आसपासच्या सदस्यांनीही मांडावा, म्हणजे अर्ज एकगठ्ठा देता येतील.

– एक पालक व एसडीएमसी सदस्या,
जांबोटी भाग, ता. खानापूर