आई-बाबा, नाताळ पोरांचा नसतो

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

परवा फोनवर बाबा जे बोलले ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मधेच दादाची पोरं ओरडतात नाहीतर तुमचा टीव्ही. "आता आमचा कसला नाताळ, नाताळ तुम्हा पोरांचा, आम्ही आपली बोलावणं यायची वाट बघतोय." आई मागनं "काहीतरीच काय बोलताय" म्हणाली ते पण ऐकू आलं. गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्यातला तिसरा मजला, खाली उतरलं तरी ओळखीचं कुणी नाही, सगळं कळतंय मला. पण नाताळ पोरांचा हे काही पटलं नाही, आणि भांडायचंच तर शास्त्र उघडून भांडायचं हे तुम्हीच शिकवलंय, तर घ्या.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. सुरुवातीलाच दोन म्हातारी माणसं आहेत, मंदिराचा याजक जखऱ्या आणि त्याची बायको अलीशिबा, मूलबाळ नाही, वय होऊन गेलेलं. तरी गडी आपल्या पाळीला मंदिरात धूप जाळायला गेलाय. देवदूत सांगतो मुलगा होईल, तर हा म्हणतो मी म्हातारा, बायको पण उतारवयाची, कसं शक्य आहे. झालं, मुलगा जन्मून त्याचं योहान नाव ठेवेपर्यंत वाचा बंद! (आई, हे वाचताना बाबांकडे बघून हसू नकोस.) मला त्यातलं एक फार आवडतं. बोलता येत नाही म्हणून तो घरी पळाला नाही, सेवेचे दिवस पुरे केले आणि मगच गेला.

दुसऱ्या अध्यायात बाळ येशू चाळीस दिवसांचा झाल्यावर योसेफ-मरिया त्याला यरुशलेमला घेऊन येतात. अर्पण काय, तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. नियमशास्त्रात कोकरू सांगितलंय, ज्याला ते परवडत नाही त्याला पाखरं चालतात, म्हणजे माणसं गरीबच. मंदिरात याजक काय कमी होते? पण त्या बाळाकडे बघितलं कुणी, तर तारणाची वाट बघत बसलेल्या शिमोनाने आणि हन्नाने. शिमोनाचं वय लूकने लिहिलेलं नाही, बाळ बघून तो देवाला 'आता मला जाऊ दे' म्हणतो म्हणून आपण त्याला म्हातारा केलाय. हन्नाचं मात्र स्पष्ट आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, संसार सात वर्षांचाच, आणि मंदिर सोडून न जाणारी.

आता बाबा, त्यांना बघायला मिळालं तरी काय? एक तान्हं लेकरू. हेरोद राजा गादीवरच होता, त्याच्या डोक्यावर रोमची सत्ता होती तशीच होती, दुसऱ्या दिवशी सकाळी यरुशलेमात काही बदललेलं नव्हतं. येशू मोठा होऊन शिकवायला लागेल ते काही शिमोनाला दिसणार नव्हतं, आणि तरी म्हणतो माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. मला आशा म्हणजे हीच वाटते, पुढचं आपल्याला बघायला मिळणार नाही हे माहीत असून हात पुढे करायचे. आणि तुमच्यासारखं तो पण जायचं बोलतो, पण लेकरू हातात घेतल्यावर. तुम्ही आधीच सुरू केलंय.

इकडचं कोल्हापूरचं सांगते. यंदा चर्चमध्ये संडे स्कूलच्या पोरांनी आगमनकाळाचं चक्र केलंय, नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांचं. तुम्ही म्हणाल हे कॅथलिक लोकांचं, आपल्यात कुठं होतं. पण ते सुरू केलं हॅम्बुर्गच्या विखर्न नावाच्या प्रॉटेस्टंट माणसाने, १८३९ साली! त्याच्या आश्रमातली गरीब पोरं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची, रविवारी मोठी. तिसऱ्या रविवारची गुलाबी पाहिजे, ती लक्ष्मीपुरीत शोधून मिळाली नाही, मग पांढरीलाच गुलाबी क्रेप कागद गुंडाळला, तो अर्ध्या उपासनेत जळायला लागला आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना चालू असतानाच चिमटीत धरून विझवला. त्याच दिवशी शास्त्रपाठ प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा होता, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." पौल हे तुरुंगातनं लिहितोय, पुढं सुटका की मरण हे माहीत नसताना. गुडघा दुखत असताना आनंद कसला असं तुम्ही म्हणाल, तर पौलाला पण दुखत असेलच की.

कॅरलची गाणी गात शाहूपुरीत फिरलो, थंडी चांगली पडलीय, हायवेकडनं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते, आमच्या गिटारचं काही ऐकूच येईना. पोरं उत्साही आहेत पण एक जाणवलं. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले ही गोष्ट तुम्ही दर नाताळात फराळाच्या ताटावर बसून सांगायचा आणि आम्ही "झालं सुरू" म्हणायचो. यंदा कुणी सांगितलीच नाही. तरुण संघातल्या एकाने मला विचारलं, वायल्डर म्हणजे कोण? आणि हन्ना बघा, बाळ बघून घरी जाऊन झोपली नाही, वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत सुटली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

तर बाबा, दादाच्या मोबाईलवर ती गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा, लांबली तरी चालेल, २४ तारखेला रात्री तरुण संघाला ऐकवणार आहे. आणि आई, करंजीच्या पारीला मोहन किती घालायचं ते व्हॉइस मेसेजवर सांग, "अंदाजाने" असं सांगायचं नाही, वाटीचं माप सांग.

तुमची,
थोरली