ओपन जिमला वाली कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भांडुपला आमच्या घराजवळच्या उद्यानात चार वर्षांपूर्वी ओपन जिम आली. मांडव, हार, नारळ सगळे साग्रसंगीत झाले. आज सहापैकी दोन यंत्रे सुतळीने बांधून ठेवली आहेत. माळीदादांना विचारले तर म्हणाले, "काकू, झाडं आमच्याकडे, यंत्रं नाहीत." पालिकेच्या कार्यालयात गेले, तर तिथे देणगीदाराकडे बोट. फलकावर देणगीदाराचे नाव हातभर अक्षरांत आहे, फोन नंबर मात्र नाही.

उद्याने सुधारण्यासाठी संस्थांनी हातमिळवणी करावी, असे हल्ली वारंवार ऐकू येते. माझा त्याला विरोध नाही. ओव्हल मैदानाची कळा पालटली ती रहिवाशांच्या संघटनेने नेट धरला म्हणून. पण याच मुंबईत देखभालीसाठी संस्थांना 'दत्तक' दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि दारावर सभासदत्वाची पाटी लागली. त्यावरून 2016 मध्ये केवढा गदारोळ झाला होता!

मला खटकते ते वेगळेच. करार होतो तो जागा देणारा आणि पैसा देणारा यांच्यात. लोकांना व्यायामाला लावणारा त्यात कुठेच नसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि 65च्या पुढच्यांना शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आमच्या वयाच्या बायका त्या चालायच्या यंत्रावर पाळण्यात बसल्यासारखे झोके घेतात. मग गुडघा धरतो आणि पंधरा दिवस घरी. त्यांना काय बोलणार? दाखवणारेच कोणी नाही. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मुले मल्लखांबाला जातात, ती काही नुसता खांब पाहून नव्हे. खांबाशेजारी शिकवणारे उभे असतात.

खरे तर पालिकेला फार लांब जायला नको. दवाखाने तिचे, शाळा तिच्या, उद्यानेही तिचीच. दवाखान्यातले डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णाला "रोज चाला" सांगतात आणि उद्यान तिथून पाच मिनिटांवर असते. तरी या दोन खात्यांची गाठ पडत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर उद्यानाचे नाव आणि वेळ लिहून दिली, जवळच्या व्यायामशाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी मानधनावर सकाळी तासभर उभी राहिली, तर याच यंत्रांचे चीज होईल. दुपारी उद्यान रिकामेच असते. ज्या शाळेला मैदान नाही तिचा पीटीचा तास तिथे का होऊ नये?

देणगीदाराने पैसे द्यावेत, नाव हवे तेवढे मोठे लावावे. पण यंत्र मोडले तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त होणार, हे करारात लिहिलेले असावे आणि त्याच फलकावर तक्रारीचा नंबरही. शिकवणाऱ्याचे मानधन पहिल्या दिवसापासून खर्चात धरावे. नंतर बघू म्हटले की ते राहूनच जाते. आणि प्रवेश सगळ्यांना, विनाशुल्क.

जाता जाता एक. यंत्रांच्या कोपऱ्यातला दिवा गेले कित्येक महिने बंद आहे. साडेसातच्या लोकलने उतरणाऱ्या आमच्या सुनांना व्यायामाला तेवढीच वेळ मिळते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, भांडुप