होर्ताच्या धक्क्यावरून

होर्ता, फायाल बेट, अझोर्स
६ जून

प्रिय बाबल्या,

आठ महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत बरी, गुडघा तसाच.

काल दुपारी पोचलो. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटाहून १९ दिवस, जवळजवळ २,२०० सागरी मैल. पहाटे आधी वास आला रे, ओल्या गवताचा आणि शेणाचा! या बेटांवर गाई फार. भर अटलांटिकात मला तुमची मागची पडवी आठवली. मग ढगांच्याही वर पिको डोंगराचं टोक दिसलं, २,३५१ मीटर उंच, आणि आम्ही तिघंही गप्प झालो. परदेशातून आल्याचा पिवळा बावटा चढवला, कस्टमवाल्यांनी शिक्के मारले. गर्दी एवढी, की तीन बोटींच्या पलीकडे आमची बोट बांधली आहे. धक्क्यावर उतरलो तर जमीन डोलत होती. शिमग्यात तू चालायचास तसा चालत होतो.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नव्हे.

चौदावी रात्र. माझा वॉच, म्हणजे पहारा, मध्यरात्री ते तीन. तीन दिवस ढग, सोलरवर बॅटरी भरत नव्हती, म्हणून एआयएस, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र, तासाला पाचच मिनिटं लावायचो. मोठं जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला वीस मिनिटं पुरतात, म्हणून दर पंधरा मिनिटांनी टायमर लावून चहूकडे नजर फिरवायची. दोनच्या सुमारास टायमर वाजला, मी बंद केला, आणि उठलो नाही. जाग आली ती इंजिनाच्या धडधडीनं. डिझेलचा वास, आणि लांब जाणारा एक पांढरा दिवा. जहाज पुढे निघून गेलं होतं. त्याच्या लाटांनी बोट हलली तरी खाली झोपलेले दोघं उठले नाहीत. आणि मी लॉगबुकात लिहिलं, 'सर्व ठीक.'

बाबल्या, झोप लागली याहून ते दोन शब्द मला जास्त टोचतात.

निवतीच्या दीपगृहापाशी तुला डुलकी लागली होती, ट्रॉलरनं आबांची जाळी फाडली होती. मी त्या वेळी मालवणच्या धक्क्यावर सगळ्यांदेखत ओरडलो, "ह्याला पुन्हा दर्यात नेऊ नका!" तू नंतर कधी गेलाच नाहीस. तू दोन रात्री जागा होतास, तुझी आई आजारी होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही बोललो. (कर्लीच्या पैशांवरून तू उगाच भांडलास ते मात्र तुझंच चुकलं, ते मी सोडणार नाही.)

इथल्या बंदराच्या भिंतीवर येणारी प्रत्येक बोट आपलं चित्र रंगवते, नावं लिहिते. नाही रंगवलं तर पुढच्या प्रवासात अपशकुन, अशी समजूत. आज सकाळी कप्तानानं ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाला, तुझा वॉच असला की मी निर्धास्त झोपतो, पहिलं नाव तुझं लिही. मी बोट तेवढी रंगवली. नावाची जागा कोरी ठेवून आलो. संध्याकाळी त्याला सगळं सांगणार आहे. इथून पुढे त्यानं मला नेलं नाही तरी चालेल. पण त्याच्याआधी तुला सांगायचं होतं.

होमस्टेचं छप्पर पावसाआधी झालं का? चिंगीचा दहावीचा निकाल कळव. काकींना पाठीचं औषध मिळतंय ना?

मी नारळी पौर्णिमेला येतोय. त्या दिवशी आबा धक्क्यावर असतातच, बाकीचेही असतील. ओरडलो होतो त्याच जागी, त्याच लोकांसमोर मला तुझी माफी मागायची आहे. तू ये. घरी बसून राहू नकोस.

तुझा,
दाद्या