हायब्रिड गाडीचे महामार्गावरचे मायलेज लपवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: माहितीपत्रकात एकच मायलेज छापून महामार्गावरच्या वापराबाबत दिशाभूल केल्याबद्दल तक्रार व दुरुस्तीची मागणी.

महोदय/महोदया,

मी आपल्या कंपनीची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली, गाडी वापरते. गाडीत बिघाड नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण सर्व्हिस सेंटरला मी जेव्हा जेव्हा ही तक्रार सांगितली तेव्हा ती बिघाडाची समजून गाडी तपासायला घेतली गेली आणि विषय तिथेच मिटवला गेला. शहरात ही गाडी फार चांगली चालते. सिग्नलला इंजिन बंद होते, गर्दीत ती बॅटरीवर सरकते आणि लिटरला 24 ते 25 किलोमीटर देते. आपण छापलेल्या 26 च्या आकड्यापासून हे फार लांब नाही. महामार्गावर मात्र ताशी 110 च्या आसपास हीच गाडी 17-18 वर येते. वेग 90 वर धरून ठेवला तर 21-22 मिळतात. हे आकडे डॅशबोर्डवरचे नव्हेत. पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरायची आणि झालेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागायचे, असा हा हिशेब आहे. त्याची नोंदवही सोबत जोडली आहे.

माझे रोजचे जाणे-येणे बहुतेक सगळे महामार्गावर असते. ही गोष्ट मी गाडी बुक करण्याआधी आपल्या विक्री प्रतिनिधीला स्पष्ट सांगितली होती. त्याचे उत्तर मला शब्दशः आठवते: "मॅडम, सिटीत 26 आहे म्हटल्यावर हायवेला 28ला मरण नाही." टेस्ट ड्राइव्हही त्याने शोरूमजवळच्या गर्दीच्या रस्त्यावरच दिली. गाडी कासवाच्या गतीने पुढे जात होती आणि तो स्क्रीनवरचा हिरवा दिवा दाखवून सांगत होता, "बघा, इंजिन बंद आहे, पेट्रोल शून्य." ते खरेच होते. पण ज्या रस्त्यासाठी मी गाडी घेत होते, त्याच्याशी त्या दिव्याचा फारसा संबंध नव्हता आणि हे त्याला तरी माहीत असायला हवे होते. त्याला कोणी शिकवले नसेल, तर तो दोष त्याचा नाही, कंपनीचा आहे.

साध्या पेट्रोल गाडीबाबत "हायवेला जास्त" हा आडाखा बरोबर असतो. शहरात तिचे इंजिन सिग्नलला उभ्या उभ्या पेट्रोल जाळते, कमी भारावर अत्यंत वाईट कार्यक्षमतेने चालते आणि मिळवलेला वेग दर ब्रेकला घालवते. हायब्रिड नेमका हाच तोटा भरून काढते. 1400 किलोची गाडी ताशी 50 च्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे 135 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. इंजिनची कार्यक्षमता 28 टक्के धरली, तर तेवढा वेग मिळवायला साधारण 15 मिलिलिटर पेट्रोल लागते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की हे सगळे ब्रेक पॅड तापवण्यात जाते. हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरसारखी फिरते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. दर सिग्नलला, दर गतिरोधकाला ही बचत होत राहते. म्हणूनच गर्दीत ही गाडी इतर गाड्यांच्या कितीतरी पुढे असते.

महामार्गावर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचे काय? तिथे पेट्रोल खर्च होते ते मुख्यतः हवेला बाजूला सारण्यात. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 80 वरून 110 वर गेले की तो जवळपास दुप्पट होतो. आपल्या या गाडीइतकी उंच गाडी ताशी 110 ने चालवली, तर केवळ हवेपोटी दर किलोमीटरला अंदाजे 400 किलोज्यूल खर्ची पडतात. मघाच्या 135 शी याची तुलना करून पाहावी. शिवाय हवेत गेलेली ऊर्जा कोणतीही मोटर आणि कोणतीही बॅटरी परत आणू शकत नाही. ॲटकिन्सन पद्धतीच्या, म्हणजे त्याच पेट्रोलमधून जास्त काम काढणाऱ्या, इंजिनामुळे महामार्गावरही साध्या पेट्रोल गाडीपेक्षा थोडा फायदा राहतो, हे मी मान्य करते. पण तो थोडाच राहतो. ग्राहकाला शोरूममध्ये मात्र गर्दीतला फायदा दाखवून महामार्गाचा आकडा सांगितला जातो.

घाटात तर हे सगळे स्क्रीनवर उघड दिसते. चढ सुरू झाला की बॅटरीच्या कांड्या एकेक करून विझत जातात, मग इंजिनचा आवाज चढतो आणि पुढचा सगळा चढ ते एकटेच ओढते. माथा ओलांडला की कांड्या भराभर भरतात आणि अर्ध्या उतारावरच बॅटरी भरते. त्यापुढच्या उताराची ऊर्जा इंजिन ब्रेकिंगमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये वाया जाते. यातही दोष गाडीचा नाही. 1400 किलो वजन 500 मीटर वर न्यायला सुमारे 1.9 युनिट ऊर्जा लागते आणि अशा गाड्यांची बॅटरी साधारण पाऊण ते दीड युनिटांची असते. तीही पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. छोट्या छोट्या थांब्यांसाठी बनवलेली बॅटरी आहे ती, मोठ्या घाटासाठी नव्हे. पण हे गाडी घेण्याआधी ग्राहकाला कोण सांगते?

आता माहितीपत्रकाबद्दल. पहिल्याच पानावर मोकळ्या रुंद रस्त्यावरून धावणारी आपली गाडी आहे, मागे डोंगर आहेत आणि गाडीच्या शेजारी ठळक अक्षरांत 26 हा आकडा आहे. पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, "प्रमाणित चाचणी परिस्थितीत" एवढे लिहिले आहे. कोणती चाचणी, तिचा सरासरी वेग किती, कमाल वेग किती, यातले काहीही नाही. चित्र महामार्गाचे आणि आकडा मिश्र चाचणीचा. वाचणारा त्यातून जो अर्थ काढेल तोच मी काढला, आणि तोच अर्थ निघावा अशी त्या पानाची रचना आहे असे माझे ठाम मत आहे.

ही माहिती आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. कोणतीही मान्य चाचणी टप्प्याटप्प्याने होते आणि टप्प्यानुसारच मोजली जाते. युरोपात 2017 पासून नव्या गाड्यांना लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी 30 मिनिटांची आणि सव्वातेवीस किलोमीटरची आहे. तिचे कमी, मध्यम, जास्त आणि अतिजास्त वेगाचे चार टप्पे आहेत. शेवटच्या टप्प्यात वेग ताशी 131 पर्यंत जातो, तरी पूर्ण चाचणीचा सरासरी वेग भरतो 46.5. ज्याचा रोजचा सरासरी वेग याच्या दुप्पट आहे, त्याला या चाचणीचा एकत्रित आकडा कितपत उपयोगी पडणार? अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या लेबलवर शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगवेगळे छापावेच लागतात. तिथे 2004 च्या टोयोटा प्रियसला आधी शहरात 60 आणि महामार्गावर 51 मैल प्रतिगॅलन असे आकडे मिळाले होते, म्हणजे लिटरला साधारण 25.5 आणि 21.7 किलोमीटर. 2008 पासून चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंडी यांचाही विचार होऊ लागला आणि त्याच गाडीचे आकडे 48 आणि 45 वर आले. दोन्ही पद्धतींत शहराचा आकडा महामार्गापेक्षा जास्तच राहिला आणि दोन्ही वेळा तो फरक ग्राहकाला लेबलवर दिसत होता. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

आकडा चुकला तर काय करावे, याचेही उदाहरण आहे. फोर्डच्या 2013 च्या सी-मॅक्स हायब्रिडवर शहर आणि महामार्ग दोन्हींसाठी 47 छापलेले होते. ती चाचणी प्रत्यक्षात तसेच इंजिन आणि मोटर असलेल्या फ्यूजन हायब्रिडची होती. नियमांत ते बसत होते, पण सी-मॅक्सचा आकार वेगळा आणि त्यामुळे हवेचा विरोधही वेगळा. ऑगस्ट 2013 मध्ये कंपनीने शहराचा आकडा 45 केला आणि महामार्गाचा 40, शिवाय ग्राहकांना भरपाईही दिली. शहरात दोनचा फरक, महामार्गावर सातचा. फरक कुठे दडलेला असतो, हे यावरून कळते.

एकत्रित आकड्याची आणखी एक अडचण आहे आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. गाडी शहरात 25 आणि महामार्गावर 17 देत असेल, तर दोन्हीकडे शंभर-शंभर किलोमीटर चालवल्यावर सरासरी 21 येईल असे वाटते. प्रत्यक्षात शहरात 4 लिटर आणि महामार्गावर 5.9 लिटर लागतात, म्हणजे सरासरी 20.2. महामार्गाचा वाटा वाढला की ती आणखी खाली जाते. ग्राहकाला हा हिशेब स्वतःच्या वापरानुसार करता यावा, यासाठी दोन आकडे हातात असावे लागतात. एका आकड्यावरून तो होतच नाही.

सर्व्हिस सेंटरमधला अनुभव थोडक्यात सांगते. टायरमधली हवा, एअर फिल्टर, चाकांचे अलाइनमेंट, सगळे तपासून झाले आणि जॉब कार्डवर शेरा लिहिला गेला: "मायलेज कमी असल्याची तक्रार. दोष आढळला नाही. ग्राहकास ड्रायव्हिंग स्टाईलबाबत समज दिली." सल्लागारांना मी माझी नोंदवही दाखवली. त्यांनी ती उघडलीही नाही. शहरात हीच गाडी हीच व्यक्ती चालवते आणि तिथे आपल्याच आकड्याजवळ पोहोचते, मग महामार्गाला लागताच तिची चालवण्याची पद्धत बिघडते काय? या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. रस्त्याच्या परवानगीच्या वेगात, एकसारखी, झटके न देता चालवलेली गाडी आहे ही. तो शेरा मला मान्य नाही आणि तो माझ्या गाडीच्या नोंदीतून काढून टाकावा, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी आणि मुख्य मागणी अशी, की माहितीपत्रकात, संकेतस्थळावर आणि शोरूममधल्या फलकावर शहराचे आणि महामार्गाचे मायलेज वेगवेगळे छापावे आणि प्रत्येकासोबत चाचणीचा सरासरी व कमाल वेग द्यावा. त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच पानावर. सतत 100 किंवा 110 च्या वेगात गाडी किती देते, हे आपल्या अभियंत्यांनी नक्कीच मोजलेले असणार. तेही सांगितले तर ग्राहक दुवाच देतील. आणि विक्री प्रतिनिधींना एवढे तरी शिकवावे, की गाडी दाखवण्याआधी समोरच्या माणसाला तो रोज कुठे आणि किती वेगाने फिरतो हे विचारायचे, आणि टेस्ट ड्राइव्ह त्याच तऱ्हेच्या रस्त्यावर द्यायची. ज्याचे दिवसभर शहरातल्या गर्दीत फिरणे आहे, त्याला मी आजही हीच गाडी सुचवेन. ज्याचे सगळे चालवणे मोकळ्या रस्त्यावर भरधाव आहे, त्याने इतर पर्यायांशी हिशेब मांडून मगच ठरवावे. हा सल्ला मला शोरूममध्ये मिळायला हवा होता. तो मिळाला असता तर कदाचित मी दुसरी गाडी घेतली असती आणि ते आपल्या प्रतिनिधीलाही ठाऊक असावे, ही शंका मला अस्वस्थ करते.

तिसरे, मला मिळालेल्या तोंडी आश्वासनाची चौकशी करून, माझ्या गाडीच्या मॉडेलचे टप्पानिहाय चाचणी आकडे मला लेखी कळवावेत. भरपाईबद्दल मी आत्ता काही मागत नाही. ते आकडे हाती आल्यावर त्याबद्दल वेगळे लिहीन. या पत्राचे उत्तर 30 दिवसांत लेखी मिळावे. फोनवरून "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढे सांगितल्यास ते मी उत्तर समजणार नाही. समाधानकारक उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: गाडीच्या बिलाची प्रत, इंधनाच्या पावत्या व नोंदवहीच्या प्रती, सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड, माहितीपत्रकाचे पहिले पान.