एसचं पोरगं आणि आटपाट नगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नात इंग्रजीची वही घेऊन आली. सहावीत आहे. 'कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असल्यास क्रियापदाला एस किंवा ईएस लागतो' हा नियम सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहिलेला. पुढच्याच पानावर 'डझ शी प्लेज क्रिकेट?' आणि त्यावर लाल फुली. फुली का, ते वहीत कुठेच नाही. मला वाईट वाटलं, कारण पोरीने नियम पाळला होता. पाळला म्हणूनच चुकली.

मी २९ वर्षं पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आम्ही स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. धास्ती होतीच. मग जमेल तशा वाटा शोधल्या.

हा एस मी पटांगणात शिकवायची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचे, एकेक पत्रिका एकेका मुलाच्या हातात. 'शी', 'प्ले', 'क्रिकेट' ओळीत उभे. एसची पत्रिका वर्गातल्या सगळ्यात चपळ पोराकडे. तो 'प्ले'चा हात धरून उभा. आता प्रश्न विचारायचा म्हटलं, की 'डू' येऊन रांगेत सगळ्यात पुढे उभा राहायचा आणि एस 'प्ले'चा हात सोडून धावत 'डू'कडे जायचा, वाटेत ईला सोबत घेऊन. 'प्ले' एकटा उरला. एक पोरगं दोन ठिकाणी कसं उभं राहील? 'डझ शी प्लेज' म्हणणाऱ्याला मग मुलंच ओरडून सांगायची, "बाई, एस तर पुढं गेला!" रविवारी नातीसोबत अंगणात हेच केलं. तिचा धाकटा भाऊ एस झाला. फुली का मिळाली, ते तिनेच मला सांगितलं.

'अ' आणि 'द' तर आपल्या कहाणीतच आहेत. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता: 'अ किंग'. त्या राजाला दोन राण्या होत्या: आता राजा ओळखीचा झाला, 'द किंग'. मग सूर्याला 'द' का, हेही मुलं आपणहून सांगतात. सूर्य कोणता, हे विचारावंच लागत नाही.

एका तपासणीत साहेबांनी मला टोकलं होतं, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. 'आंबा खाल्ला' पण 'पोळी खाल्ली', हे पहिलीच्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. एवढं व्याकरण डोक्यात घेऊन आलेल्या लेकराला कोरं समजून नियम का घोकायला लावायचे? 'टेबलावर'मधला 'वर' मागे असतो आणि 'ऑन' पुढे येतो, एवढं शेजारी ठेवून दाखवलं तरी अर्धं काम होतं.

माझी मागणी एकच आहे. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि कृती यांना जागा आहेच. निदान सातवीपर्यंत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'चे, म्हणजे सूचनेप्रमाणे वाक्य बदलून लिहिण्याच्या व्याकरणाच्या प्रश्नाचे गुण लेखी चाचणीतून काढून तिथे घ्यावेत. मुलाने वाक्य उभं करून दाखवावं, प्रश्न विचारून दाखवावा. साहित्याला खर्च नाही. लग्नसराईनंतर पत्रिकांचा गठ्ठा घरोघरी पडलेला असतो.

– एक निवृत्त शिक्षिका, पाटण (जि. सातारा)